पीएसजीवर ठामपणे बोलायला मॅच पाहावी लागत नाही

"पाच-शून्य म्हणजे ती फायनलच नव्हती. इंटर दमलेली, म्हातारी टीम. आणि पीएसजीचं कसलं कौतुक? वर्षभर फार्मर्स लीगमध्ये आराम केला, जानेवारीत क्वारात्सखेलिया विकत आणला, झालं काम."

परवा एका ग्रुपवर हा निवाडा वाचला. विषय: मे 2025 मध्ये म्युनिकला झालेली चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची फायनल, जी पॅरिसच्या पीएसजीने मिलानच्या इंटरविरुद्ध 5-0 ने जिंकली. "फार्मर्स लीग" म्हणजे फ्रेंच लीगला मारलेला टोमणा: शेतकऱ्यांची, दुय्यम लीग. खाली अंगठ्यांची रांग. 2024-25 च्या मोसमात पीएसजी 65 मॅच खेळली. निवाडा देणाऱ्याने त्यातल्या दीड पाहिल्या असाव्यात, त्याही हायलाइट्समध्ये. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर इतका आत्मविश्वास कसा उभा करायचा, हे शिकायची अनेकांना मनापासून इच्छा असते. त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

पहिली गोष्ट, झोप मोडू नका. तिकडच्या रात्री नऊच्या मॅच आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतात. अभ्यासू माणसाने अकराला झोपावं, सकाळी स्कोअर बघावा आणि चहा संपायच्या आत मत तयार ठेवावं. स्कोअरवरून बनवलेलं मत कधीच खोटं ठरत नाही, ही त्यातली मोठी सोय. 5 मार्चचंच घ्या, चॅम्पियन्स लीगमधल्या दोन मॅचच्या लढतीतली पहिली मॅच. पॅरिसमध्ये लिव्हरपूल 1-0 ने जिंकलं. "लिव्हरपूलने लायकी दाखवली" असं लिहा आणि कामाला लागा. त्या रात्री पीएसजीने 27 शॉट मारले, लिव्हरपूलने दोन. त्यांचा गोलकीपर ॲलिसनने नऊ अडवले आणि नुकत्याच मैदानात आलेल्या हार्वी एलियटने 87 व्या मिनिटाला एक घातला. हे पाहत बसला असतात तर मत बनवणं अवघड गेलं असतं. पुढच्या आठवड्यात लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर पीएसजीच्या डेम्बेलेने हिशोब बरोबरीत आणला, एक्स्ट्रा टाइम झाला, पेनल्टींत पीएसजीचा गोलकीपर डोनारुम्माने नुन्येस आणि कर्टिस जोन्स दोघांनाही थोपवलं. तोवर आपल्याकडे पहाटेचे चार वाजून गेले होते. तुम्ही झोपला होतात हे उत्तमच.

कूप द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सचा कप: असं काही असतं हेच मान्य करू नका.

त्रोफे दे शाँपियों: दोहात झाली, मोनॅकोविरुद्ध, डेम्बेलेने शेवटच्या क्षणी 1-0 केलं. फ्रान्सचा सुपर कप दोहात का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण त्यासाठी ती मॅच झाली हे आधी माहीत असावं लागतं. राहू द्या.

आता मुख्य शस्त्र. "फार्मर्स लीग." हे कुठेही चालतं. पीएसजी जिंकली की लीग भिकार म्हणून जिंकली, हरली की भिकार लीगमधून आली म्हणून हरली. वापरताना फक्त एक पथ्य पाळा: चॅम्पियन्स लीगच्या गुणतक्त्याकडे चुकूनही बघू नका. नव्या रचनेचं ते पहिलंच वर्ष. 36 संघांचा एकच तक्ता, प्रत्येकाला आठ मॅच, पहिले आठ थेट पुढे, 9 ते 24 प्लेऑफमध्ये, बाकीचे घरी. फ्रान्सचे चार संघ होते आणि चारही पुढे गेले. लिल सातवं, पीएसजी पंधरावी, मोनॅको सतरावं, ब्रेस्त अठरावं. लिलने रेआल माद्रिदला हरवलं आणि आत्लेतिकोला त्यांच्याच घरी जाऊन तीन घातले. मोनॅकोने बार्सेलोनाला हरवलं. आणि ब्रेस्त! क्लबच्या इतिहासात युरोपातलं पहिलंच वर्ष. स्वतःचं मैदान युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, नियमांत बसत नाही म्हणून "घरच्या" मॅच शंभरेक किलोमीटरवरच्या गँगाँमध्ये जाऊन खेळलेला संघ. त्यांनी पीएसव्हीला हरवलं, लेव्हरकुसेनला बरोबरीत रोखलं, साल्झबुर्गला त्यांच्या मैदानावर चार घातले. नंतर प्लेऑफमध्ये पीएसजीने त्याच ब्रेस्तला दोन मॅच मिळून 10-0 ने धुतलं. तुम्हाला फक्त हे 10-0 आठवतं, कारण तेवढंच सोयीचं आहे. बरं, फार्मर्स लीगमधून आलेल्या या संघाने त्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये कोणाकोणाला हरवलं? लिव्हरपूल, ॲस्टन व्हिला, आर्सेनल, आणि त्याआधी तक्त्याच्या फेरीत मँचेस्टर सिटीला 4-2. चार इंग्लिश संघ, म्हणजे तुमच्या लेखी "खऱ्या" लीगमधले. हे सगळं घडून गेल्यावरही, ज्याच्या आजोबांच्या नावावर अजून सातबारा आहे तोसुद्धा तोंड वर करून "फार्मर्स लीग" म्हणतो तेव्हा काय बोलायचं?

असो. मार्गदर्शन चालू आहे.

पैसा. "कतारचा पैसा" म्हटलं की पुढचं वाक्य बोलावंच लागत नाही. पैसा आहे, भरपूर आहे, 2011 पासून आहे आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण 2017 मध्ये नेमारवर 22 कोटी 20 लाख युरो ओतून चॅम्पियन्स लीगचा कप का आला नाही आणि 2025 मध्ये का आला, याचं उत्तर तुमच्या त्या एका वाक्यात सापडत नाही. फायनलच्या पहिल्या अकरांत जोआव नेवेस 20 वर्षांचा, दूए 19 चा. पाचवा गोल करणारा मायुलूही 19 चा, पीएसजीच्याच अकादमीत घडलेला. आणि क्वारात्सखेलिया आल्यामुळे जिंकले म्हणताय ना? जानेवारीत घेतलेल्या खेळाडूला तक्त्याच्या फेरीत उतरवता येत नाही, त्याची नोंदणी बाद फेरीपासून होते. म्हणजे पीएसजीचा जीव जेव्हा खरोखर टांगणीला लागला होता तेव्हा तो मैदानात नव्हताच.

जीव टांगणीला कधी लागला होता? तेच सांगायचं राहिलं. सहा मॅचनंतर पीएसजीचे 7 गुण होते आणि सहा मॅचमध्ये मिळून गोल सहा. आर्सेनलकडून 0-2. बायर्नकडून 0-1, तीही डेम्बेलेला रेड कार्ड मिळून. आत्लेतिकोचा कोरेआ अगदी शेवटच्या किकवर गोल करून गेला. सातव्या मॅचला उतरताना संघ पहिल्या 24 च्या बाहेर होता. 22 जानेवारीला सिटीविरुद्ध मध्यंतरापर्यंत 0-0, मग तीन मिनिटांत ग्रीलिश आणि हालँड, 0-2. तिथून मध्यंतरानंतर उतरलेला डेम्बेले, मग बार्कोला, मग नेवेस, आणि इंज्युरी टाइममध्ये रामोस. ती मॅच हातची गेली असती तर मे महिन्यात म्युनिक कुठलं! पण "वर्षभर आराम" या सिद्धांतात हे बसत नाही, तेव्हा वगळा.

एम्बाप्पे, मोसमाआधी क्लब सोडून गेलेला स्टार: "तो गेला म्हणून जिंकले" एवढंच म्हणा. तो गेल्यावर पहिले चार-पाच महिने गोल कोण करणार हा प्रश्न सुटलेला नव्हता. डेम्बेलेला उजव्या कडेवरून मध्ये आणल्यावर तो सुटला. पण एवढ्या खोलात कोण जातं.

टॅक्टिक्सवर बोलायचं झालं तर "इंटेन्सिटी" हा शब्द पुरेसा आहे. चारदा म्हणा. नाहीतर उगाच किक-ऑफसारख्या बारीक गोष्टी सांगाव्या लागतील. पीएसजी कितीदा तरी मॅचची सुरुवातच चेंडू गमावून करायची. विटिन्या मागून लांब किक मारायचा, चेंडू थेट समोरच्यांच्या कॉर्नरजवळ टचलाइनबाहेर. न पाहणारा म्हणतो, किक चुकली. चुकलेली नाही. आता थ्रो-इन समोरच्यांचा, पण त्यांच्याच कोपऱ्यात. तोवर पीएसजीची सगळी फळी पुढे सरकलेली असते. थ्रो घेणाऱ्याला एका बाजूला टचलाइन, मागे गोललाइन, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याच्या पाठीवर एक माणूस. चेंडू देऊन पन्नास मीटर जमीन घ्यायची, असा हा व्यवहार. एकही प्रेस करणारा, म्हणजे समोरच्यावर धावून जाणारा, आळसला तर तो फसतो, कारण मागे मोकळं रान असतं. कोच लुईस एन्रिके अकराही जणांनी पळावं म्हणून हटून बसायचा ते म्हणूनच. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलविरुद्ध त्याने डेम्बेलेला शिस्तीच्या कारणावरून संघाबाहेर ठेवलं, हरला, आणि तरी मागे हटला नाही. तोच डेम्बेले फायनलमध्ये इंटरचा गोलकीपर सोमर गोल-किक घेताना बॉक्सच्या कडेला धावपटूसारखा वाकून, चेंडूवर डोळे रोखून उभा होता. सरळ धावायचा नाही, वळण घेऊन धावायचा, म्हणजे एका सेंटर-बॅककडे जाणारा पास धावण्यातच बंद. मग सोमरला दुसरीकडे द्यावा लागायचा किंवा लांब मारावा लागायचा, आणि लांब मारलेला चेंडू पुन्हा पीएसजीकडे. इंटर "दमलेली" दिसली ती अशी. ती दमवली होती.

आणि हो, "फ्रान्सचा पहिला युरोपियन कप" असंही ठोकून द्या. मार्सेयने 1993 मध्ये म्युनिकमध्येच मिलानला 1-0 ने हरवलं होतं. मार्सेयवाले तुम्हाला ते शांतपणे समजावून सांगतील.

आता बास. खरंच बास. पीएसजीवर टीका करायला कोणी अडवलंय? मुद्दे ढिगाने आहेत. लीगमध्ये पीएसजीचे 84 गुण आणि दुसऱ्या नंबरच्या मार्सेयचे 65, ही दरी कोणत्याही लीगला शोभत नाही. 5 एप्रिललाच, सहा मॅच शिल्लक असताना, विजेता ठरला. वर्षाला 40 कोटी युरो देणार असलेल्या, मॅच दाखवणाऱ्या डाझोनचा करार एका मोसमात मोडला, लीगला स्वतःचं चॅनल काढावं लागलं, आणि त्याची झळ पीएसजीला कमी, टीव्हीच्या पैशावर जगणाऱ्या लहान क्लबांना जास्त बसते. बोला की यावर! पण त्यासाठी चार ओळी वाचाव्या लागतात. लीगमध्ये 30 मॅच न हरलेली पीएसजी नीसकडून हरली, मग आर्सेनलच्या दोन मॅचच्या मधे जवळपास सगळा संघ बदलून स्ट्रासबुर्गमध्ये हरली, तेव्हा "फुगा फुटला" लिहिणारे तुम्हीच. चार दिवसांनी तोच संघ फायनलला पोहोचला तेव्हा तुम्ही गप्प. डंकर्कसारखा दुसऱ्या श्रेणीतला संघ फ्रान्सच्या कपच्या सेमीफायनलमध्ये 2-0 ने पुढे होता, तिथून 4-2 झालं, हे तुम्हाला आजही माहीत नाही, आणि तुम्ही "सोपं वर्ष" म्हणता! ज्याने मॅच पाहिली नाही त्याने गप्प बसावं, यात कमीपणा कसला आहे? सगळ्यांनाच पहाटे चारपर्यंत जागणं जमत नाही, नोकऱ्या आहेत, घरं आहेत. नाही पाहिली तर नाही पाहिली म्हणा. पण न पाहता, जागलेल्यांना अक्कल शिकवायची, वर "तुला फुटबॉल कळत नाही" म्हणायचं, हा निव्वळ उद्धटपणा आहे.

13 जुलैला क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये चेल्सीने पीएसजीला 3-0 ने हरवलं, तिन्ही गोल पहिल्या हाफमध्ये. ते मात्र तुम्हाला लख्ख दिसलं, आणि पाच मिनिटांत ग्रुपवर आलातही. त्याच्या चार दिवस आधी याच पीएसजीने रेआल माद्रिदला चार घातले होते, त्या रात्री कुठे होतात?