मणक्याचं ऑपरेशन म्हणजे आयुष्यभराचं अंथरूण? नाही हो, मामा!

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा टाकला. वर 'डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत', खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: मणक्याच्या ऑपरेशनने माणूस लुळा होतो, सरकलेली गादी (म्हणजे दोन मणक्यांमधली चकती) जाणकार हाताने परत बसते, एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली की तीन महिने लाकडी फळीवर पडून राहा, लघवी अडली तर धण्याचं पाणी घ्या. माझ्या कंबरेतल्या गादीचा तुकडा दोन वर्षांपूर्वी काढलाय, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मला आहे.

आधी लुळं होण्याचं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गादीचा त्रास बहुतेक वेळा त्याच्या बराच खाली होतो: चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये, नाहीतर पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांच्यामध्ये. तिथे मज्जारज्जू नसतोच, घोड्याच्या शेपटीसारख्या सुट्या शिरा असतात, रक्ताच्या नव्हे, संवेदनेच्या आणि हालचालीच्या. त्यातल्या एका शिरेवर बसलेला गादीचा तुकडा सर्जन काढतो. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, शिरांवरचं आवरण फाटू शकतं, क्वचित शिरेला इजा होऊन पाऊल उचलेनासं होतं, आणि काहींची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येते. पण आयुष्यभर अंथरूण? मला दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने कुशीवर वळवलं, कोपरावर जोर देऊन उठायला लावलं आणि संडासापर्यंत चालवत नेलं. मामा, तेव्हा डबा घेऊन तुम्हीच दारात उभे होतात.

ऑपरेशन प्रत्येकालाच लागतं असंही नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात कळ उतरणाऱ्या, २८३ रुग्णांचा अभ्यास छापला. काहींचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना औषधं आणि फिजिओवर थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला, पण वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. माझंही तसंच झालं. चार महिने थांबले, मग पायात वीज उतरायला लागली की भाजीची पिशवी रस्त्यावर ठेवून उभी राहायचे. फक्त कंबर दुखतेय, पायात काही नाही, आणि कोणी थेट मणक्यात स्क्रू बसवायला निघालं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर दाखवा. तिथे ऑपरेशनचा गुण इतका खात्रीचा नसतो. मेसेजवाल्याचा संशय तेवढ्यापुरता मला मान्य आहे.

जाणकार हात. मुळात 'गादी सरकली' हा शब्दच फसवा आहे. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. तिची कड फाटून आतला मऊ गर बाहेर येतो. तो अंगठ्याने आत ढकलता येत नाही. मग लोकांना गुण कसा येतो? बाहेर आलेला गर बऱ्याच जणांत शरीर स्वतःच काही महिन्यांत जिरवून टाकतं, आणि त्या काळात ज्याच्याकडे आपण जात असतो त्याचं नाव होतं. आमच्या आजीची उसण पायाळू माणसाचा पाय लावला की तीन दिवसांत जायची. नसता लावला तरी तीन दिवसांतच गेली असती.

एमआरआयला एवढं घाबरू नका. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून जास्त लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. आणि फळी? कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवरच्या स्पेनमधल्या अभ्यासात झोपायच्या कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. तीन महिने पडून राहिलात तर कंबरेचे स्नायू तेवढे गळतील.

आता धण्याचं पाणी. इथे मात्र मी ग्रुपवर चिडून लिहिलं. कंबर-पाय दुखत असताना लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं, याचा अर्थ घोड्याच्या शेपटीसारख्या त्या सगळ्याच शिरा दाबल्या जात असू शकतात. तेव्हा त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जायचं. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

मेसेजात नसलेली एक गोष्ट माझ्याकडून. ऑपरेशनने पायातली वीज गेली, कंबर काही नवी झाली नाही. डाव्या करंगळीला अजून मुंग्या येतात. थंडीत सकाळी मोजे घालायला पलंगावर आडवं व्हावं लागतं. रोज अर्धा तास चालते, फिजिओने शिकवलेले व्यायाम कंटाळत का होईना करते. पट्टा पहिले काही आठवडे होता, आता माळ्यावर आहे. यंदा दिवाळीला चकल्या मी पाडल्या. पीठ मात्र मामींनी मळलं.