दात बसवता येतो, पण दहाव्या वर्षी नाही

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायचे मऊ संरक्षक आवरण, हे मुष्टियोद्ध्यांचे साधन आहे, मुलांचे दुधाचे दात तसेही पडणारच असतात, तोंडात रबर ठेवल्याने श्वास कोंडतो, हा सारा विक्रीचा खटाटोप आहे आणि दात गेलाच तर आता इम्प्लांट बसवता येतो, असा त्याचा आशय असतो. यांतले शेवटचे विधान सर्वांत धीर देणारे आणि सर्वांत चुकीचे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात पक्का बसवलेला स्क्रू. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, त्यामुळे जबडा वाढतो तसा दातही त्याच्याबरोबर सरकतो; इम्प्लांट मात्र जागचा हलत नाही. दहाव्या वर्षी वरच्या जबड्यात तो बसवला, तर शेजारचे दात वाढीबरोबर खाली येतात आणि हा वर अडकल्यासारखा आखूड दिसू लागतो. म्हणून जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ, थांबावे लागते. मधली आठ-दहा वर्षे काढता-घालता येणारा किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला तात्पुरता दात सांभाळायचा; त्या काळात मुळाचा आधार गेलेले हाड झिजत जाते आणि इम्प्लांटची वेळ येते तेव्हा अनेकदा आधी हाड भरून घेण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते. ‘बसवता येतो’ या दोन शब्दांत हे सगळे झाकले जाते.

दुधाच्या दातांचा मुद्दा वयाच्या साध्या हिशेबातच कोसळतो. वरचे मधले दोन कायमचे पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि खेळात सर्वाधिक मार याच दोघांना बसतो. दात पुढे आलेले असतील तर धोका आणखी वाढतो. त्यांची मुळे पूर्ण व्हायला पुढे तीनेक वर्षे लागतात. त्याआधी फटक्याने दाताच्या आतला मगज, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, मेला, तर मूळ अर्धवट आणि पातळ राहते, आणि असा दात पुढे सहज मोडू शकतो. दुधाच्या दाताचा मारही निरुपद्रवी नसतो, कारण त्याच्या मुळाशीच कायमच्या दाताचा अंकुर असतो. दुधाचा दात आत रुतला, तर मागून येणाऱ्या दातावर डाग किंवा खळगे दिसू शकतात.

माउथगार्डचा उगम मुष्टियुद्धात आहे, हे खरे. लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राउझ यांनी १८९० च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या वापरल्या. पण न्यूझीलंडने १९९०च्या दशकाच्या अखेरीस रग्बीत माउथगार्ड सक्तीचे केले आणि १९९५ ते २००३ या काळात तिथल्या अपघातविम्याकडे येणारे रग्बीतील दातांचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. रग्बी आपल्याकडची फारशी मुले खेळत नाहीत, हे मान्य. पण कबड्डीत पकड करताना तोंडावर आदळणारा गुडघा, खो-खोत खांबावर मारलेला सूर, हॉकीची उचललेली स्टिक किंवा खडबडीत मैदानावर अचानक उसळलेला चेंडू दातांशी वेगळा वागत नाही.

श्वास कोंडण्याची तक्रार खोटी नाही, पण तिचे कारण माउथगार्ड असणे हे नसून तो नीट न बसणे हे आहे. सर्वांत स्वस्त तयार माउथगार्ड दात आवळून धरावा लागतो, म्हणून दम लागतो आणि मुले तो खिशात ठेवतात. गरम पाण्यात मऊ करून चावून आकार देण्याचा प्रकार बरा. दातांचे माप घेऊन केलेला सर्वांत चांगला, आणि त्याने श्वासात लक्षणीय अडथळा येत नाही.

विक्रीबद्दलचा संशय मात्र अगदीच अनाठायी नाही. माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा धक्का टळतो, असे काही जाहिराती सुचवतात. ते सिद्ध झालेले नाही. शिवाय दात पडण्या-येण्याच्या वयात माउथगार्ड हंगामागणिक बदलावा लागतो, त्यामुळे या वयात नीट आकार दिलेला मधल्या प्रकारचा पुरे, असे माझे मत आहे. दातांना तारा असतील, तर मात्र तो दंतवैद्याकडूनच करून घ्यावा.

त्याच मजकुरात, पडलेला दात घासून स्वच्छ करावा आणि रुमालात गुंडाळून दवाखान्यात न्यावा, असाही सल्ला असतो. नेमके याच दोन गोष्टींनी मुळावरच्या जिवंत पेशी मरतात, आणि त्या तासभर कोरड्या राहिल्या तर दात टिकण्याची आशा फार थोडी उरते. कायमचा दात मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मळला असेल तर दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याखाली काही क्षणच धुवावा, शक्य तर तिथेच खाचेत परत बसवावा. नाहीतर थंड दुधात ठेवून ताबडतोब दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, कारण त्या धडपडीत खालच्या अंकुराला इजा होऊ शकते.