येळवस, तीन शेतं आणि एक पोट

माझ्या नावावर सात-बारा नाही. एरवी याचं मला काही वाटत नाही, पण मार्गशीर्ष संपत आला की ही गोष्ट मी दडवायला लागतो. कारण लातुरात ज्याला रान नाही, त्याला वेळा अमावस्येला घरी बसू देणं म्हणजे पाप. बिनरानाचा माणूस दिसला की त्याला उचलून आपल्या शेतात न्यायचं, बसवायचं आणि त्याला उठता येणार नाही इतकं जेवू घालायचं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. कागदावर ती वेळा अमावस्या, आमच्या तोंडात येळवस, आणि सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीकडं एळ्ळ अमावस्या. लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात हा सण दिवाळीच्या डोक्यावर बसतो. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, दुकानांची शटरं खाली येतात आणि सकाळी दहानंतर गंजगोलाईच्या बाजारात क्रिकेटचा सामना भरवता येईल एवढी जागा होते. सगळं शहर रानात.

त्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. म्हणजे दर वर्षी नवे पालक आणि नवी शेतं.

आणि त्यातही माझी ख्याती खवय्या म्हणून. ही मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतली. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघायचं आणि वाटेत उजनीला बासुंदीसाठी असं थांबायचं की देवी ताटकळावी. कुंथलगिरीचे पेढे आणायला म्हणून वेगळा रविवार काढायचा. निलंग्याला कुणाच्या सांत्वनाला गेलो तरी येताना निलंगा राईस. संभाजीनगरला लग्नाला गेलो की मांडवातलं जेवण टाळून नान खलिया. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेसाठी हा पदार्थ निघाला असं म्हणतात. खरं असावं. एवढी माणसं एवढी लांब चालवत आणल्यावर काहीतरी चांगलं खाऊ घालणं भागच होतं. या सगळ्या खाण्यात एक सोय असते. पैसे आपले, त्यामुळं 'बास' म्हणायचा हक्कही आपला. येळवसीला बिल नसतं, म्हणून 'बास'ही नसतं.

यंदा तीन आमंत्रणं होती. पहिलं घरमालकांचं, औश्याच्या अलीकडं. दुसरं आणि तिसरं बारावीच्या दोन पोरांच्या वडिलांची, औश्याच्या पुढं. गाडीत बसताना मी बायकोला डावपेच समजावला. लातूर पॅटर्नमध्ये पोरांना सांगतो तोच : एका प्रश्नात अडकायचं नाही, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं लिहून पुढं जायचं. उंडा म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा. पहिल्या शेतावर अर्धा उंडा, दुसऱ्यावर अर्धा, तिसऱ्यावर अर्धा.

"अर्धा उंडा कोण वाढतंय तुम्हाला?" ती म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

घरमालकांच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं होतं. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडलेले, शेजारी आंबिलीचं मडकं. पूजा झाली, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत रानात चारी बाजूंना आंबील शिंपडली आणि पंगत बसली. ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, भज्जी, गव्हाची खीर, तिळाची पोळी, धपाटं, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. भज्जी म्हणजे तळणीतली भजी नव्हेत. त्या दिवसांत रानात जे जे हिरवं आणि कोवळं असतं, ओली तूर, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा, मेथी, पातीचा कांदा, ते सगळं चिंचेच्या आंबटात शिजवून बेसन लावायचं. वर्षात एकदाच एवढी होते, आणि एरवी घरी करून बघितली तर लागत नाही. आम्ही दोनदा करून बघितली. कुकरमध्ये होते ती भाजी असते, भज्जी नसते.

इथं डावपेच पहिल्या पाच मिनिटांत कोसळला. भज्जी एवढी झकास होती की मी दोन उंडे संपवले आणि वर आंबिलीचे दोन तांबे. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण आणि अंगावर येणारी झोप, हे आंबिलीचे घटक. निघताना माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं, "काकू, अशी भज्जी कुठंच खाल्ली नाही."

"हे वाक्य आता पुढं बोलू नका," गाडीत बायको म्हणाली.

पुढच्या दोन शेतांचा पत्ता एकाच वळणावर आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दोन्ही पोरांचं आडनाव एक होतं. पण वर्गात एका आडनावाची सहा पोरं असतात, कुणाकुणाचा वंश शोधत बसायचा? ते सख्खे चुलतभाऊ निघाले. दोघांचे वडील सख्खे भाऊ. दोघांची रानं शेजारी. मधे एक बांध, आणि त्या बांधाच्या फूटभर जमिनीवरून दोघं तीन वर्षं बोलत नव्हते. दोन कोपी समोरासमोर होत्या. इकडं खोकलं तर तिकडं कळावं.

मोठ्याकडं आधी बसलो. मालकीणबाईंनी चिंच खास पानचिंचोलीहून मागवली होती. "भौगोलिक मानांकन मिळालंय सर त्या चिंचेला, दोन हजार चोवीसला," मोठे म्हणाले, पण माझ्याकडं न बघता, बांधाकडं बघून, मोठ्यानं. मी एका उंड्यावर थांबायचा प्रयत्न केला.

"सर, काय करलालाव? पोटाला काय झालंय का? घ्या की!"

दुसरा उंडा आला. तिसरा. बायको तोवर वाढायला उठली होती. वाढणाऱ्याच्या ताटाकडं कुणी बघत नाही, ही युक्ती बायकांना फार जुनी ठाऊक आहे. मला उठायची सोय नव्हती. खीर, पोळी, पुन्हा आंबील. मग सवयीनं, खरंच केवळ सवयीनं, मी म्हणालो, "वहिनी, अशी भज्जी कुठंच खाल्ली नाही."

बांधापलीकडं पंगत एकदम गप्प झाली.

धाकट्यांच्या कोपीत शिरलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तिकडं किती उंडे खाल्ले सर?" दीड म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांचा मुलगा, जो माझ्या वर्गात गणितात हमखास चुकतो, म्हणाला, "तीन, पप्पा. मी मोजले."

"तीन तिकडं, मग इकडं चार," धाकट्यांनी निकाल दिला.

दुसऱ्या उंड्याला मी कमरेचा पट्टा एक भोक ढिला केला. तिसऱ्याला दुसरं भोक. मी वर्गात शिकवतो की प्रत्येक पदार्थाला लवचिकतेची मर्यादा असते, ती ओलांडली की पदार्थ मूळ आकारात परत येत नाही. आता कळलं. चौथ्या उंड्याला मी हात जोडले, तर मोठे थेट बांधावर येऊन उभे राहिले.

"सरांनाच विचारू," तीन वर्षांत पहिल्यांदा ते धाकट्याच्या दिशेनं बोलले. "भज्जी कुणाची?"

दोन्ही शेतांतले चाळीस डोळे माझ्यावर. बोर्डाच्या पेपरातसुद्धा एवढा अवघड प्रश्न नसतो, आणि असला तरी त्याला पर्यायी प्रश्न असतो. मी म्हणालो, "भज्जी इकडची चांगली, आंबील तिकडची." कुठं इकडं आणि कुठं तिकडं हे मुद्दाम मोघम ठेवलं.

धाकटे हसले. "आंबील? आंबील मायच्या हातची हुती. आता कुणाची बी न्हाई."

"लसूण लई घालायची ती," मोठे म्हणाले.

"लई. आन् आठ दिसांचं ताक."

दोघं बांधावरच बसले. आई लसूण ठेचायची की नुसता चिरायची, यावर त्यांची बरीच जुंपली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दोघांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. सर नीट जेवलेच नाहीत.

मग दोन्ही कोपींतून वाढप झालं.

अंधार पडला तेव्हा पोरं हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून रानाच्या कडेनं पळत होती आणि मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होतो. गाडी बायको चालवत होती. औसा मला लागलंच नाही.

घरी पोचलो तर दाराच्या कडीला पिशवी. आत स्टीलचा डबा. खालच्या मजल्यावरच्या मावशींचा. ज्यांच्या रानात जायला जमलं नव्हतं त्यांचा. जिना चढत आलेला त्यांचा आवाज पाठोपाठ, "सर, तुम्ही आला न्हाईत, म्हणून ठिवलंय. चव बघून सांगा बरं का!"

"उद्या सांगतील मावशी," बायको म्हणाली आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायला निघाली.

मी नुसतं झाकण उघडून वास घेतला. मग चमचा शोधला. चिंच अगदी बेतानं होती.

"मावशी," मी जिन्यातून खाली ओरडलो, "अशी भज्जी..."

बायकोनं दार लावून घेतलं.