‘काळबादेवी, १८८०’ या छायाचित्राच्या सालाबाबत खुलासा

भिंतीवर लावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गजबजलेल्या मुंबईच्या एका जुन्या छायाचित्राखाली ‘काळबादेवी, १८८०’ अशी ओळ फिरते आहे. त्यातील साल चुकीचे आहे. चित्रातील ट्राम दुमजली असून तिच्या टपावरचा दांडा वरच्या तारेला टेकलेला स्पष्ट दिसतो. मुंबईत १८७४ साली सुरू झालेली ट्राम घोडे ओढत असत, विजेची ट्राम १९०७ साली आणि दुमजली ट्राम तर १९२० साली आली. त्यामुळे हे छायाचित्र १९२० नंतरचे आणि ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम बंद होण्यापूर्वीचे ठरते. तपकिरी छटेवर विसंबू नये. ती आज छापतानाही देता येते. ज्यांनी फ्रेम घेतली आहे, त्यांनी मागच्या बाजूस हा कालखंड जरूर लिहून ठेवावा.