उत्तरं नकोत, प्रश्न काढून घ्या

आत्याच्या पर्समध्ये एक पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. विमा कंपनीचं. हॉस्पिटलच्या बिलातली निम्मीच रक्कम मंजूर झाली होती आणि कारणं मागच्या पानावर बारीक टाइपात होती: को-पेमेंट (बिलातला आपण भरायचा वाटा), सब-लिमिट (एखाद्या खर्चावरची कमाल मर्यादा), वेटिंग पिरियड (ज्या काळात काही दावे मिळत नाहीत तो). आठ दिवस ती ते रोज काढून वाचत होती आणि परत ठेवत होती. मला आधी का नाही सांगितलंस, म्हटलं, तर म्हणाली, "काय विचारायचं तेच कळत नव्हतं गं."

तिचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. जिने आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात हिशेब सांभाळले, तिला वाचता येत नाही असं कोण म्हणेल? अडलं होतं ते नेमकं कुठे बोट ठेवायचं यावर.

मी घाईघाईने पत्राचा फोटो चॅटजीपीटीला दिला आणि "समजावून सांग" म्हटलं. सोप्या मराठीत उत्तर आलं. अपील 30 दिवसांत करा, असंही त्यात होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आत्याने भिंग घेऊन पत्राची शेवटची ओळ शोधली. "इथे 15 लिहिलंय."

आठ दिवस तर गेलेच होते. तिने पाहिलं नसतं तर मुदत हुकली असती आणि ती माझ्यामुळे हुकली असती. चॅटजीपीटीसारखी एआय मॉडेल्स पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावर वाक्य जुळवत जातात. बारीक ओळ नीट वाचता आली नाही तर थांबतीलच असं नाही. अशा पत्रांत सहसा जे असतं ते भरून टाकतात, आणि तेही तितक्याच ठाम सुरात.

म्हणून माझं आता पक्कं मत झालंय की ज्येष्ठांच्या कागदपत्रांसाठी एआयकडून उत्तरं मागू नयेत, प्रश्न मागावेत. एखादा प्रश्न चुकीचा निघाला तर समोरचा "नाही, तसं नाही" म्हणतो आणि दोन मिनिटं जातात. चुकीच्या उत्तरावर आपण सही करून मोकळे होतो.

दुसऱ्यांदा मी असं लिहिलं: "या पत्राचा अर्थ सांगू नकोस. यात जे अस्पष्ट आहे त्यावर फोनवर विचारता येतील असे पाच छोटे प्रश्न दे. प्रत्येक प्रश्नाखाली पत्रातलं मूळ वाक्य जसंच्या तसं लिही. पत्रात नाही ते धरून चालू नकोस." मूळ वाक्य मागणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मग कागदाशी ताडून बघता येतं. या वेळी फोटो काढण्याआधी नाव, पॉलिसी नंबर, जन्मतारीख आणि सही यांवर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या. हे पहिल्या वेळीच करायला हवं होतं. फोन नंबर मात्र एआयला विचारू नका, तो पॉलिसीच्या मूळ कागदावरचाच घ्या.

पाचपैकी दोन प्रश्न आत्याने खोडले, "हे मला माहीत आहे." एक स्वतःचा घातला: मूळ पावत्या तुमच्याकडे आहेत की हॉस्पिटलकडे? तो एआयला सुचला नव्हता, कारण मूळ पावत्या आपल्याकडे नाहीत हे फक्त तिला ठाऊक होतं. मग मोठ्या अक्षरात, प्रत्येक प्रश्नाखाली तीन ओळी मोकळ्या सोडून, तिने ते वहीत उतरवले.

फोन तिनेच केला. मला हात पुढे करावासा वाटत होता, मी केला नाही. पलीकडचा माणूस भराभर बोलायला लागला तेव्हा ती म्हणाली, "थांबा, मी लिहून घेते. सब-लिमिट कुठल्या खर्चाला लावली, ते कलम क्रमांकासकट सांगा." तो थांबला, कागद बघून सांगतो म्हणाला. तिने त्याचं नाव, तारीख आणि वेळ वहीत टिपली. मूळ पावत्या हॉस्पिटलकडेच राहिल्या होत्या.

तेराव्या दिवशी अपील गेलं. निकाल अजून यायचा आहे. काल तिने पेन्शनचा एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आधी माझे प्रश्न मी लिहिते, मग तुझ्या त्या मशीनला विचार."