‘महिलांचाही लक्षणीय सहभाग होता’: गिरणगावचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी काही सूचना

२०२८ साली गिरणी कामगार युनियनला शंभर वर्षं होतील. म्हणजे स्मरणिका निघणार, गौरवग्रंथ निघणार, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या लॉबीत जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागणार आणि ‘लालबाग-परळवर चार पानं लिहून द्या’ म्हणून कुणीतरी तुम्हाला गाठणार. घ्या काम, अवघड नाही. पथ्य एकच: मजकुरात बायका फार शिरू द्यायच्या नाहीत. एकदा शिरल्या की पानं वाढतात, पुढाऱ्यांचे फोटो लहान करावे लागतात आणि समिती नाराज होते.

आधी एक वाक्य पाठ करून ठेवा. ‘या लढ्यात महिलांचाही लक्षणीय सहभाग होता.’ १९२८चा सहा महिन्यांचा संप असो, संयुक्त महाराष्ट्र असो की १९८२, हे वाक्य सगळीकडे बसतं. ते प्रकरणाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात टाकावं, कारण शेवटच्या परिच्छेदात सभेचं वर्णन असतं. ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. वाक्यातला ‘ही’ मात्र विसरू नका. त्या एका अक्षरामुळे संप पुरुषांचा राहतो आणि बायका पाहुण्या होतात.

आकडा द्यायची वेळ आलीच तर शेवटचा द्या. १९८२च्या संपाच्या आसपास गिरण्यांत बायका शेकडा तीन-चारच उरल्या होत्या. १९२०च्या दशकातला आकडा चुकूनही काढू नका. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. हा आकडा छापलात की वाचक विचारणार, मग बाकीच्या गेल्या कुठे? आणि त्याचं उत्तर लांब आहे. चीनला जाणारं सूत रिळावर गुंडाळून, गठ्ठे बांधून पाठवत. तो व्यापार बसला तसं रीळखातं आटलं. रात्रपाळीला बायकांना कायद्याने मनाई होती, त्यामुळे पाळ्या वाढल्या तेव्हा पुरुष बायकांच्या जागी आले. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला. भत्ता मालकाच्या गल्ल्यातून जायचा, तेव्हा तरण्या, लग्न झालेल्या बायकांपेक्षा वयस्क आणि विधवा बायका मालकांना एकाएकी फार कामसू वाटू लागल्या. एवढं सगळं लिहीत बसण्यापेक्षा ‘काळाच्या ओघात महिला कामगारांचं प्रमाण घटत गेलं’ असं लिहा. ओघ सोयीचा असतो. त्याला मालक नसतो.

कामगार म्हटला की साच्यावर उभा असलेला विणकर दाखवायचा. मुखपृष्ठावर तोच, आत तोच. रीळखातं आणि वायंडिंगखातं ही नावं टाळा, कारण बायका तिथेच होत्या, आणि त्या खात्यांचं गणित समजलं की संप कसे पेटत हेही समजतं. वायंडिंग म्हणजे सूत बॉबिनीवर भरणं. त्याची मजुरी बहुधा उक्ती, भरलेल्या सुताच्या वजनावर. आता सूत जितकं बारीक तितकं एका पौंडात लांब. वीस नंबरच्या सुताच्या एका पौंडात वीस लडी, चाळीस नंबरच्या सुतात चाळीस, आणि लड ८४० वारांची. म्हणजे नंबर वाढवून दर तोच ठेवला की हात दुप्पट चालणार आणि काटा तेवढंच वजन दाखवणार. मालकाने स्वस्त कापूस आणला तर धागा सारखा तुटतो. दर वेळी थांबून गाठ मारायची आणि त्या गाठीचे पैसे कुणी द्यायचे नाहीत. वरून नायकीण. बायकांच्या खात्यातली ही मुकादमीण कामावर घ्यायचे पैसे खायची आणि तिची मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी दारातूनच परत. अशा खात्यात बायका हात थांबवून बसल्या तर ताण्याला सूत मिळत नाही आणि शिलकीतल्या बॉबिनी संपल्या की भले भले साचेवाले रिकामे उभे. तुम्ही या प्रकाराला ‘उत्स्फूर्त’ म्हणा. उत्स्फूर्त म्हटलं की आदल्या रात्री चाळीच्या नळावर कोण कुणाशी काय बोललं, हे शोधायला नको.

पाळणाघराची मागणी कुठे ठेवायची, हा प्रश्न नवख्यांना पडतो. ती ‘कामगार कल्याण’ या सदरात जाते, ‘लढे’ या सदरात नाही. दहा-दहा तास आई खात्यात असताना मूल झोपून राहावं म्हणून त्याला बाळागोळी द्यायचे, आणि बाळागोळीत अफू असायची. हा तपशील एकदा दिलात की पाळणाघर ही पगाराइतकीच कडक मागणी होऊन बसते, मग सदरं पुन्हा लावावी लागतात.

आता नावं. इथे हात बसला की अर्धं काम झालं. कार्यकर्तीची ओळख नेहमी नात्याने करून द्यावी. उषाताई डांगे ‘कॉम्रेड डांगे यांच्या पत्नी’, अहिल्या रांगणेकर ‘बी. टी. रणदिवे यांच्या भगिनी’. नात्यातच वाक्य संपतं आणि पुढे क्रियापद लागत नाही. २० मार्च १९२९ला मीरत कटाच्या खटल्यात कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांना धरून नेलं आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत पुन्हा सार्वत्रिक संप उभा राहिला. पुढारी तुरुंगात आणि संप रस्त्यावर, तर मग गिरणीच्या दारावर बायकांना घेऊन कोण उभं होतं, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचाच नाही. उषाताई, पार्वतीबाई भोर ही नावं त्यातून निघतील आणि त्यांची आत्मकथनं वाचावी लागतील. तसं तर उषाताईंनी आपल्या आत्मचरित्राचं नावच ‘पण ऐकतं कोण?’ असं ठेवलं आहे. तुम्हाला परवानगीच मिळाली म्हणा ना.

काही नावांना मात्र नातं चिकटवता येत नाही आणि तिथे अडचण होते. २२ फेब्रुवारी १९४६. नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून मुंबई बंद, परळमध्ये गोळीबार. परळ महिला संघाच्या कमल दोंदे जागीच गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली, सोबत असलेल्या अहिल्याताई थोडक्यात वाचल्या. हा संघ त्यांनीच तीन वर्षांपूर्वी बांधला होता, रेशन आणि काळाबाजार यांच्याशी भांडायला. उठावावर लिहिताना जहाजांची नावं द्या, तोफांची तोंडं कुठे वळली ते द्या, कराची द्या. परळला येईपर्यंत जागा संपलेली असेल. स्मारकांची काळजी तर आधीच्यांनी घेऊन ठेवली आहे: हुतात्मा चौकात मशाल शेतकरी आणि कामगाराने धरली आहे, दोघेही पुरुष. मुंबईत कामगारणींचा पुतळा कुठे आहे, असं विचारणारा वाचक निघालाच तर त्याला ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असं सांगा. हे कधीच खोटं ठरत नाही.

नागपूरसाठी वेगळी युक्ती लागते. तिथल्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली होती. जाईबाई चौधरी हमालीपासून सुरुवात करून मुलींची शाळा काढण्यापर्यंत पोचल्या. अशा वेळी दोन कप्पे तयार ठेवा. कामगारांच्या इतिहासात विचारलं तर सांगायचं, या दलित चळवळीतल्या. दलित चळवळीच्या इतिहासात विचारलं तर, तो कामगारांचा विषय. दोन्हीकडून हाकललं तर महिला विशेषांक आहेच, मार्चमध्ये. २० जुलै १९४२ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. आंबेडकर त्या परिषदेत काय बोलले, ते सविस्तर द्या. बायकांनी केलेले ठराव गाळा, कारण त्यात भावना कमी आणि हिशेब फार आहे: गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, एक महिना हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, आणि २० वर्षं नोकरी झाली की दरमहा किमान १५ रुपये पेन्शन. ‘जागृती झाली’ असं लिहिलं की काम भागतं; जागी झालेली बाई एकदम पेन्शनचा दर सांगू लागली, हे वाचकाला झेपत नाही.

घरच्या खोलीत गिरणी कामगारांना पैसे घेऊन जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचं काय करायचं? काहीच नाही, त्या मुळात कामगारच नाहीत. पगारपत्रकावर नाव नाही, युनियनच्या पावतीपुस्तकात नाही, खोलीची भाडेपावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. शिरगणतीत घरकाम. कागद तुमच्या बाजूने आहेत. फक्त हिशेब मांडू नका. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वीस मेंबर, म्हणजे महिन्याने जेवणारे, धरा. माणशी दोन वेळ, वेळेला तीन भाकऱ्या, म्हणजे दिवसाला १२० भाकऱ्या आणि दहा-बारा किलो पीठ. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून पहाटे चारला चूल. दुसरी पाळी मध्यरात्री सुटणार, म्हणून तेव्हा पुन्हा ताट. गावी गेलेल्याचा खाडा धरायचा, तो चुकला तर भांडण. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. आता पगारच नाही असे सहा महिने कल्पून पाहा. किंवा १८ जानेवारी १९८२ नंतरचे महिने. अडीच लाख कामगार संपावर होते, त्यांतले किती जण कुणाच्या उधारीवर जेवत होते? वाण्याची वही फुगत गेली, ती कुणाच्या मंगळसूत्राने मिटवली? हे मांडलंत तर संपाचा निधी नेमका कुठून आला, या प्रश्नाला एक गैरसोयीचं उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘कामगारांनी प्रचंड हाल सोसले’ लिहा. कामगारांनी, कर्मणी बहुवचन. प्रेमा पुरव गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, युनियनच्या कामात मुरलेल्या; १९७५मध्ये त्यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या व्याजातून सुटायला बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. हा प्रसंग घ्यायचाच असेल तर ‘महिला उद्योजकता’ या चौकटीत घ्या, शेजारी मसाल्याचा फोटो. चौकटीतला मजकूर कुणी मुख्य मजकुराशी जोडून वाचत नाही.

महागाईविरोधी आंदोलन मात्र तुम्हाला सोडवत नाही, फोटो फार चांगले आहेत. हरकत नाही, ‘लाटणं मोर्चा’ म्हणा आणि हसू येईल असं लिहा. १९७२चा दुष्काळ, तेल-रॉकेल-साखर दुकानांतून गायब, आणि एकमेकींच्या पक्षांचं तोंड न पाहणाऱ्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र: समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवायच्या. त्यासाठी हॉल लागत नाही, परवाना लागत नाही, मूल काखेत असलं तरी जमतं, आणि वस्तीत किती घरं आपल्या बाजूला आहेत हे कानाने मोजता येतं. अशी शिस्त दिसली तर ‘संघटन’ हा शब्द वापरावा लागेल. ‘रणरागिणी’ वापरा. रागिणीला कार्यालय, वर्गणी, बैठकीचं इतिवृत्त लागत नाही. ती रागावते आणि घरी जाते. आणीबाणीत मृणालताई, प्रमिलाताई, अहिल्याताई तुरुंगात गेल्या. पुढे १९७७ला मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेत. गोरेगावच्या नळांसाठी महापालिकेशी वर्षानुवर्षं भांडलेल्या बाईला ‘पाणीवाली बाई’ म्हणून आटोपता येतं. उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, ते वाचायला वाहतूक कोंडीत भरपूर वेळही मिळतो.

समितीने मुलाखती घ्या असा आग्रह धरला तर घाबरू नका, मुलाखतही नीट वाया घालवता येते. सकाळी अकराला जा, स्वयंपाक चालू असताना. मुलगा किंवा यजमान खोलीत असू द्या आणि प्रश्न त्यांच्याकडे बघून विचारा. पहिलाच प्रश्न ‘तुमच्या मिस्टरांचं चळवळीत काय काम होतं?’ आजी म्हणतील, ‘आमी काय केलं, काय नाय.’ तिथेच वही मिटा. कुठल्या खात्यात होता, नायकीण कोण, संपात दागिना कुठे ठेवला, पोलीस व्हॅनमध्ये शेजारी कोण बसली होती, असलं वस्तूंना धरून विचारलंत तर दोन तास सुटका नाही. त्या नावं सांगू लागतील, तीही माहेरची. मग कागदावरच्या सासरच्या नावांशी ती जुळवत बसा.

शेवटी सूची. प्रकाशक मागतोच. बायकांच्या नोंदी अशा कराव्यात: ‘डांगे, उषाताई : पाहा डांगे, श्रीपाद अमृत’. ‘रांगणेकर, अहिल्या : पाहा रणदिवे, बी. टी.’ ‘खाणावळवाल्या : पाहा आहार’. ‘दोंदे, कमल’ यांच्यापुढे कुणाला पाहा म्हणावं हे सुचलं नाही, तर नोंद गाळा आणि सूची त्या दिवशीच छपाईला धाडा.