मानेचा आकडा आणि मांडीचा आकडा

नमस्कार सर,

तुमची कॉमेंट दोनदा वाचली. मार्च 2011 च्या अणुभट्टी अपघातानंतर जपानमधल्या फुकुशिमात तीन लाख मुलांची थायरॉइड (गळ्यातल्या ग्रंथीची) तपासणी झालेली असताना मी आधीच्या लेखात '1080 मुलांचंच मोजमाप झालं' असं लिहून दिशाभूल केली, असं तुमचं म्हणणं. शिवाय लगेच मोजायची एवढी घाई कशाला, सात रस्त्याला कुठल्याही लॅबमध्ये टीएसएच (थायरॉइडचं काम बघणारी रक्ततपासणी) करा, कळेल; आणि गोळ्यांऐवजी आयोडीनयुक्त मीठ आहेच की, असंही.

तीन लाखांचा आकडा खरा आहे. पण ती सोनोग्राफी होती, ऑक्टोबर 2011 पासून सुरू झालेली. सोनोग्राफीत गाठ दिसते. ग्रंथीनं किती किरणोत्सारी आयोडीन ओढून घेतलं होतं, ते नाही. टीएसएचचंही तेच. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे ऑक्टोबरात मोजायला काही उरलंच नव्हतं. अपघातानंतर लगेच, 26 ते 30 मार्चला फुकुशिमातल्या इवाकी, कावामाता आणि इइतातेच्या मुलांच्या मानेला किरणोत्सार मोजणारं यंत्र लावलं, त्याला मी मोजमाप म्हणते.

तेही सोपं नव्हतं. तिथं आसपासच किरणोत्सार इतका, की मानेतला आकडा त्यात बुडायचा. यंत्रमागाच्या शेडमध्ये मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकायची म्हटल्यासारखं. म्हणून कमी आकडा दाखवणारी जागा शोधायची आणि तिथला आकडा वजा करायचा.

मी पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिनला टेक्निशियन होते. आयोडीन अपटेकला, म्हणजे थोडं किरणोत्सारी आयोडीन देऊन ग्रंथी किती ओढते ते बघायच्या तपासणीत, आम्ही आधी मानेचे काउंट घ्यायचो, मग मांडीचे; बाकी अंगातलं वजा करायला. आपल्या अक्कलकोट रोडच्या एक मावशी लुगडं आवरत म्हणाल्या होत्या, "दुखणं नरड्याचं, आन् मांडी कशाला बघायलीस गं?" वजाबाकी समजावता समजावता माझी दहा मिनिटं गेली. शेवटी पटलं की नाही, देव जाणे.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'सगळी मुलं मर्यादेच्या आत, विषय संपला' हे मी लिहायला नको होतं. इइतातेवर मुख्य किरणोत्सारी ढग आला 15 मार्चला. 30 तारखेपर्यंत त्यातल्या आयोडीनचा जेमतेम पाव हिस्सा उरलेला. उरलेल्यावरून मूळ किती, हे सांगताना ते शरीरात कधी गेलं ते गृहीत धरावं लागतं, आणि तारीख बदलली की उत्तर बदलतं. शिवाय तीनच गावं. ते वाक्य आजच काढलंय.

राहिलं आयोडीनयुक्त मीठ. ग्रंथीनं किरणोत्सारी आयोडीन ओढू नये म्हणून पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात, तिच्याऐवजी. मोठ्या माणसाच्या 130 मिलिग्रॅमच्या पोटॅशियम आयोडाइड गोळीत सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्या मिठात किलोला किमान 15 मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीऐवजी साडेसहा किलोंच्या वर मीठ! सोलापूरची शेंगाचटणी कितीही तिखट-मीठ खपवून घेत असली, तरी एवढं नाही.